राय म्हणजे थांब

आमच्या घरी मोटार म्हणजे एकच. बाबूजींच्या सायकलीला गाडी म्हणत, एसटीला गाडी म्हणत, ऊर्जानगरच्या क्वार्टरांसमोरून पाळीच्या वेळी जाणाऱ्या बसलाही गाडीच म्हणत. पण मोटार हा शब्द निघाला की मायच्या हातातलं लाटणं थांबायचं आणि विषय आलापल्लीच्या पलीकडे गेला हे सगळ्यांना कळायचं. तिकडे, सिरोंच्याच्या वाटेवरच्या एका गावात, कुडाच्या भिंतींच्या खोपटात आबाजींची, म्हणजे मायच्या वडिलांची, मोटार उभी होती. इंग्रजांच्या वेळची, काळी, कापडी टपाची, बैलगाडीसारख्या लाकडी आऱ्यांच्या चाकांची. ज्या लाकूड ठेकेदाराकडे आबाजी ड्रायव्हर होते, तो धंदा गुंडाळून आपल्या मुलखात गेला तेव्हा जाताना मोटार त्यांना देऊन गेला. ती आणखी काही वर्षं चालली, मग इंजिनानं हात टेकले, आणि तेव्हापासून ती नुसती उभी होती. आबाजी रोज सकाळी तिला पुसत. माय सांगे की लग्न होऊन ती सासरी आली ती मोटारीत बसून. बाबूजी पेपरातून डोकं न काढता म्हणत, "अर्ध्या वाटेपर्यंत. पुढं बैलबंडीत."

ऊर्जानगरच्या त्या क्वार्टरात दिवसभर एक घुमणारा आवाज असायचा. वीजकेंद्राचा. आम्हाला तो ऐकूच येत नसे. ऐकू यायचा तो गावाला गेल्यावर, म्हणजे तिथे तो नाही हे ऐकू यायचं आणि कानात दडे बसल्यासारखं व्हायचं. माय अंगणात बाजेवर वड्या वाळत घालायची तर वरून बारीक राख पडायची. तिनं त्यावर उपाय म्हणून जुनं लुगडं पसरलं, मग लुगडं झटकायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी ते वड्यांच्या बाजूलाच उभं राहून झटकायचो. त्या काळात माझी सगळी कामं साधारण अशीच होत. आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या वर्गात नापास होऊन मी घरी बसलो होतो. तिथे नापास व्हायला अक्कल लागायची, कारण मास्तर सहसा कोणाला नापास करत नसत. बाबूजी स्वतः वीजकेंद्रातल्या वाहन विभागात मेकॅनिक होते, त्यामुळे त्यांनी मला एक अक्षर बोलून दाखवलं नाही. फक्त घरात सगळ्यांनी मला 'इंजिनेर' म्हणायला सुरुवात केली. पन्नाशी उलटली तरी आमच्या नात्यात मला त्याच नावानं ओळखत. आता ओळखणारेच कमी उरलेत.

आबाजींचा एक डोळा गेलेला होता आणि दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन लवकर करा, नाहीतर हाही जाईल. आजी आधीच गेली होती. आबाजी एकटेच रांधत, एकटेच विहिरीवर जात, आणि एकदा विहिरीच्या काठावरून परत यायच्या ऐवजी उलट्या दिशेला चालायला लागले तेव्हा शेजारणीनं हात धरून आणलं. हे कळल्यापासून मायला जेवण जात नव्हतं. बाबूजी तीन वेळा त्यांना आणायला गेले आणि तीन वेळा एकटे परत आले. तिन्ही वेळा उत्तर एकच होतं: मोटार येईन तं मी येईन. बाबूजींनी समजावलं की मोटारीचं इंजिन जाम आहे, तिच्या मापाचं सामान मिळत नाही, ट्रकवर चढवली तर टप मोडेल, आणि ओढत आणायची तर वाट केवढी लांब. त्यावर आबाजी म्हणाले, मंग ओढत आणा.

तर मोटार ओढत आणायची ठरली. बाबूजींना रजा मिळेना, मग घरात बिनकामाचा कोण, याचा शोध घ्यायला फार लांब जावं लागलं नाही. मी छाती काढून हो म्हटलं. बाबूजी बोलत कमी आणि लिहीत जास्त; त्यांनी कामाच्या जुन्या कार्डाच्या पाठीवर बारीक अक्षरात सगळं लिहून दिलं. दोर बंपरला बांधायचा नाही, पुढच्या आसाला बांधायचा. दोराच्या मध्यावर लाल फडकं लावायचं, म्हणजे मधून कोणी जाणार नाही. गिअर मोकळा ठेवायचा. दोर कधी ढिला पडू द्यायचा नाही. उतार आला की मागच्यानं ब्रेकवर हलका पाय ठेवायचा आणि दोर ताणलेला ठेवायचा, नाहीतर तो चाकाखाली जातो. दिवस मावळायच्या आत थांबायचं. सगळ्यात शेवटी, खाली दोन रेघा मारून, एक ओळ होती. ती मी वाचली होती, हे इथे शपथेवर सांगतो. पण बसमध्ये भूक लागली, मायनं बांधून दिलेल्या भाकरीबरोबरची जवसाची चटणी ठेवायला काही नव्हतं, आणि कार्ड हाताशी होतं. जवसाच्या चटणीवर माय तेल सढळ घालायची.

आबाजींनी मला आवाजावरून ओळखलं आणि आधी जेवायला बसवलं. दिवाळी होऊन गेली होती, धान कापणीला आला होता, गावभर नव्या तणसाचा वास होता. अंधाऱ्या चुलीपुढे बसून त्यांनी बोटांनी चाचपत भात वाढला, त्यावर वाळल्या झिंग्यांची आमटी, आणि मीठ किती पडलं हे ते आमटीच्या उकळण्याच्या आवाजावरून सांगत असल्यासारखे मान वाकडी करून ऐकत होते. मीठ जास्त झालं होतं. मी तसं बोललो नाही, त्यांनी मात्र माझं तांब्यानं पाणी पिणं ऐकलं आणि म्हणाले, "खारट झालं का बे? डोरा गेला तवापासून हात सुटला माहा."

मोटार मी आधी मनातल्या मनात मोडीत काढली. कोंबड्यांनी मागची सीट वाटून घेतली होती. बाबूजींनी कुठून कुठून जमवलेले चार टायर मी बरोबर आणले होते, पण चाकं काढली तर लाकडी आरे वाळून इतके ढिले झालेले की चाक हलवलं की खुळखुळ्यासारखं वाजायचं. मी तज्ज्ञाच्या थाटात पाचरी ठोकायला निघालो. आबाजी म्हणाले, "बंडीचं चाक ढिलं झालं तं काय करते मानूस? पान्यात टाकते. लाकूड फुगते, आपोआप आवरते. याचंबी लाकूडच आहे ना?" मग मी चारही चाकं गावच्या बोडीत, म्हणजे तळ्यात, नेऊन बुडवली. त्यांना दोर बांधून काठाच्या झाडाला अडकवावं, निदान खूण म्हणून एक बांबू खोचावा, हे कोणत्याही शहाण्या माणसाला सुचलं असतं. दोन दिवसांनी गेलो तर बोडीत म्हशी डुंबून गेलेल्या, आणि चाकं कुठे आहेत याचा पत्ता नाही. ढिवरांची चार माणसं पाण्यात उतरली, पायानं चिखल चाचपत एकेक चाक काढून देऊ लागली. काठावर जाळं निवडत बसलेली एक म्हातारी बाई सगळं बघून म्हणाली, "या बोडीत आजवर मरळ भेटली, शिंगाडे भेटले. मोटार पयल्यांदा भेटून राह्यली." चौथं चाक सापडेपर्यंत तिनं आणखी बरंच काही म्हटलं, ते मी लिहीत नाही. चाकं मात्र घट्ट झाली होती. आबाजींनी प्रत्येकावर टिचकी मारली, कान लावला, आणि पास केलं.

ओढायला ट्रॅक्टर होता राजन्नाचा. राजन्नाचे वडील आबाजींच्या मोटारीवर क्लीनर होते. ते सिरोंच्याकडचे, घरात तेलुगू. राजन्ना मराठी बोलायचा, आमच्यासारखीच बोलायचा, त्यामुळे त्याची घरची भाषा वेगळी आहे हे मी विसरूनच गेलो होतो. निघायच्या सकाळी आबाजी आत कपडे करत होते आणि आम्ही दोघं दोर लावत होतो. मोटारीच्या हॉर्नचा रबरी फुगा उंदरांनी खाल्ला होता, तेव्हा खुणा तोंडीच ठरवायच्या असं मी जाहीर केलं. कार्ड काढून बघितलं, तर तळाशी चटणीचं तेल असं पसरलेलं की शेवटची ओळ काळी पडली होती. म्हटलं असेल काहीतरी, 'सांभाळून जा' वगैरे. मी राजन्नाला सांगितलं, "चल म्हटलं की चालव. राय म्हटलं की राय." आमच्याकडे कोणाला थांबवायचं तर असंच म्हणतात, राय ना, जरा राय. राजन्ना तोंडात बिडी धरून गाठ आवळत होता. त्यानं मान हलवली. जगात निम्मे घोटाळे अशा हललेल्या मानांमुळे होतात, हे मला आता कळतं.

आबाजी बाहेर आले ते खाकी कोट घालून. ठेकेदाराकडचा ड्रायव्हरचा कोट, कोपरावर ठिगळ, पण पितळेची बटणं चिंचेनं घासलेली. ते सवयीनं उजव्या बाजूला गेले, दाराच्या कडीवर हात ठेवला, तिथे क्षणभर थांबले, मग स्वतःच मोटारीला वळसा घालून डाव्या सीटवर जाऊन बसले. मी उजवीकडे, स्टिअरिंगच्या चाकापुढे बसलो. गावातली सगळी माणसं जमली होती. समोरून ट्रॅक्टर सुरू झाला, राजन्नानं मागे वळून हात हलवला आणि ओरडला, "रा! रा!" मी आज्ञाधारकपणे दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. तो म्हणतोय राय, तर राहिलं पाहिजे. ट्रॅक्टर पुढे गेला, दोर ताणला, आणि माझी स्वतःची, आयटीआयमध्ये शिकलेली गाठ सुटून दोराचं टोक उडालं ते थेट राजन्नाच्या पागोट्यावर. लोक हसले. मी खाली उतरून सांगितलं की दोर निसरडा आहे. आबाजी उतरले, चाचपत आसाशी गेले आणि पोटावर पडून त्यांनी नवी गाठ मारली. आलापल्लीच्या लाकूड डेपोत हत्ती ओंडके ओढायचे, तिथल्या महावतांकडून शिकलेली ती गाठ. ओढाल तितकी आवळते, आणि ढिली सोडली की एका बोटानं सुटते. ती गाठ मला आजही येते. मला येणाऱ्या गोष्टींत ती पहिल्या तिनात आहे.

परवा माझ्या मुलाची गाडी नागपूरच्या रस्त्यावर बंद पडली. त्यानं एक फोन केला, सपाट पाठीचा ट्रक आला, पट्टे आवळले, गाडी उचलली आणि तासाभरात आम्ही चहा पीत होतो. मुलगा म्हणाला, बाबा, तुम्ही एवढे गप्प का? म्हटलं, काही नाही, दोर ढिला पडला का ते बघत होतो.

कारण खरं सांगायचं तर ओढल्या जाणाऱ्या मोटारीत बसणं हे चालवण्यापेक्षा अवघड असतं. चालवणाऱ्याला निदान निघायचं कधी हे माहीत असतं. इथे तुमचा सगळा जीव समोरच्या दोराच्या पोटात. मध्यावरचं लाल फडकं जमिनीकडे झुकायला लागलं की ब्रेकवर पाय टेकवायचा, वर उचललं गेलं की सोडायचा. पहिला तासभर मी हे इतक्या मन लावून केलं की घामानं सदरा भिजला. सागाच्या रानातून वाट, दोन्ही बाजूंनी मोठी मोठी पानं गळून पडलेली, त्यावरून चाकं जाताना पापड मोडल्यासारखा आवाज. आबाजी डोळे मिटून बसले होते. मधेच म्हणायचे, "ढिला पडून राह्यला." आणि खरंच फडकं खाली आलेलं असायचं. त्यांना ते आसाच्या कुरकुरीवरून कळायचं. आलापल्ली मागे पडली. रस्त्यातली माणसं बाजूला उभी राहून नमस्कार करत होती. मला वाटलं मला, मग लक्षात आलं की खाकी कोटाला. एक-दोन म्हाताऱ्यांनी तर मोटारीला हात लावून हात कपाळाला लावला. पण कोणाला केलेला असो, नमस्कारानं माणूस बिघडतो. दुपारपर्यंत मी एका हातानं चाक धरायला शिकलो होतो आणि दुसऱ्या हातानं नमस्कार घ्यायला.

पुढे एका नाल्यावर रपटा होता. रपटा म्हणजे पूल नाही, नाल्याच्या पात्रातच टाकलेला सपाट सिमेंटचा रस्ता. पावसाळ्यात तो बुडतो, आणि त्या वेळी वरून वीतभर पाणी वाहत होतं. खाली डाव्या बाजूला डोह. रपट्याकडे उतार होता. उतारावर काय करायचं ते मला पाठ होतं, पण नाल्यावर कपडे धूत असलेल्या बाया मोटार बघायला उभ्या राहिल्या आणि मी हात वर केला. तेवढा एकच हात. तेवढ्यात मोटार उतारानं पुढे सरकली, आबाजी म्हणाले, "ढिला पडला," आणि मी ब्रेक दाबेपर्यंत दोराचा फास डाव्या चाकाखाली जाऊन बसला होता. समोर ट्रॅक्टर पाण्यात उतरून पुढे जात होता. आता त्यानं ओढलं तर दोर चाकाखालून ओढला जाणार, मोटारीचं तोंड डावीकडे फिरणार, आणि डावीकडे रपटा संपत होता. एवढं नापास माणसालाही दिसत होतं. मी गळ्याच्या शिरा ताणून ओरडलो, "राय! राजन्ना भाऊ, राय! राय!"

राजन्नानं मागे बघितलं, मान हलवली आणि ट्रॅक्टरचा वेग वाढवला.

मी आणखी जोरानं ओरडलो. त्यानं आणखी वेग वाढवला. मोटारीचं तोंड फिरलं, शेवाळावर चाकं सुटली, सिमेंटची कड माझ्या बाजूनं नाहीशी होऊन आबाजींच्या बाजूनं येऊ लागली, आणि मी ब्रेक दाबत होतो की चाक फिरवत होतो की नुसताच राय राय करत होतो ते आठवत नाही. आठवतं ते असं की आबाजींनी डोळे उघडले, ज्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं ते, दोन सीटांच्या मधला हातब्रेकचा दांडा दोन्ही हातांनी धरून मागे झोपल्यासारखे ओढला, आणि असं ओरडले की बायांच्या हातातलं धुणं पडलं.

"आपू! राजन्ना, आपू!"

ट्रॅक्टर जागच्या जागी बंद झाला. मोटार थांबली. डावं पुढचं चाक रपट्याच्या बाहेर, खाली डोह, आणि ते चाक हवेत सावकाश फिरत होतं. पाण्याचा आवाज तेवढा होता. आबाजींचे हात दांड्यावरच होते. त्यांनी मला विचारलं, मोटार पान्यात आहे का बाहेर? मी म्हटलं, अर्धी अर्धी. ते म्हणाले, मंग हलू नको. आणि मग, बाहेर बघत असल्यासारखं तोंड करून, "गेली असती तं मीबी इथूनच वापस गेलो असतो. तुझ्या मायले काय सांगतलं असतं तू?"

बायांनी हाका मारल्या आणि पलीकडच्या जंगलातल्या गावातून माडिया गडी बल्ल्या, म्हणजे लांब सरळ लाकडं, घेऊन आले. त्यांनी चाकाखाली बल्ल्या सारल्या, दोघं पाण्यात उतरून खालून खांदा लावून उभे राहिले, आणि ट्रॅक्टर मागे आणून मोटार हाताहातानं सरळ केली. एक आरा चिरला होता. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं वाखाची दोरी पाण्यात भिजवून आऱ्यावर आवळून गुंडाळली. वाळली की लोखंडासारखी होते, असं त्यानं हातवाऱ्यांनी सांगितलं. आबाजींनी बोटं फिरवून ती तपासली आणि त्याला जोहार केला. मोटारीत बसून बघायला त्यानं नकार दिला, पण हॉर्नच्या जागेवर दोनदा हात दाबून बघितला.

हे सगळं झाल्यावर मी राजन्नावर भडकलो. तो ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बिडी पेटवत होता.

"बहिरा आहेस का? इतका ओरडून राह्यलो होतो, राय, राय."

"तेच तं," राजन्ना म्हणाला. "तू म्हणतेस रा, रा. मी म्हटलं पोट्टा म्हणून राह्यला ये, ये, जोरानं ये. म्हणून ओढलं."

"राय म्हणजे थांब."

"रा म्हणजे ये. माही माय जेवाले बलावताना जनमभर तेच म्हणे. सकाळीबी मी तुले रा म्हटलं, तं तू बिरेक मारून बसला. म्हटलं असंन इंजिनेर लोकायची काही रीत."

आबाजी रपट्याच्या कडेच्या दगडावर बसून ऐकत होते. "दोघंबी बरोबर आहा तुमी," ते म्हणाले. "म्हणूनच मोटार डोहात चालली होती." मग ते हसायला लागले, खाकी कोटाची बटणं हलायला लागली, राजन्ना हसायला लागला, आणि शेवटी मलाही हसावं लागलं, कारण तिथे उभं राहून दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

तिथून पुढची सगळी वाट मोटार तेलुगूत आली. थांबायचं तर आपू, यायचं तर रा, हळू तर मेल्लगा. आबाजींचा पंजा हातब्रेकवर, माझे दोन्ही हात चाकावर. वैनगंगेच्या पुलावर वारा इतका की टप फडफडत होता. मी कोणालाही नमस्कार केला नाही. दोन मुक्काम झाले, दोन्ही उजेड असताना. दुसऱ्या मुक्कामी, गोंडपिपरीच्या अलीकडे, एका शेताच्या बांधावर बसून आम्ही पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा उकडून खाल्ल्या. राजन्ना डिझेल आणायला गेला होता. मी आबाजींना विचारलं की मोटारीचा एवढा हट्ट कशाला, डोळा होईपर्यंत यायचं, मग परत जायचं, कोण अडवत होतं. त्यांनी शेंग सोलली, दाणे माझ्या हातावर ठेवले.

"जावयाच्या घरी म्हातारा गेला तं पाहुना म्हणून जाते," ते म्हणाले. "पाहुना म्हणजे बसून खाते अन् कवा जातो म्हणून सगळे वाट पायतेत. ड्रायव्हर मोटार घेऊन जाते. त्याले कोनी काऊन आला म्हणून इचारत नाई."

मी म्हटलं, पण मोटार तर मी चालवतोय. ते म्हणाले, "तू चालवून नाई राह्यला बे. तू बसला आहेस."

ऊर्जानगरच्या फाटकातून आम्ही शिरलो तेव्हा पाळी सुटायची वेळ होती. सायकलींचा लोंढा थांबला, बसमधली माणसं खिडक्यांतून बाहेर लोंबली. मी ओरडतोय, "मेल्लगा, राजन्ना भाऊ, मेल्लगा," आणि आमच्याच ओळीतले शेजारी एकमेकांना विचारतायत की हा पोरगा कोणत्या देशातून आला. दोर शेवटपर्यंत ताणलेला होता, हे मला कोणीतरी लिहून द्यायला हवं होतं. क्वार्टरासमोर मी म्हटलं, "आपू." ट्रॅक्टर थांबला. बाबूजी बाहेर आले, मोटारीभोवती फिरले. वाखाच्या पट्टीशी वाकले. डाव्या पायरीवरच्या सिमेंटच्या ओरखड्यावरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे हात पसरला. मी खिशातून कार्ड काढून दिलं. त्यांनी ते उजेडाकडे धरलं, तेलामुळे त्यातून उजेड आरपार येत होता, आणि त्यांनी तळाची ओळ सावकाश मोठ्यानं वाचली.

"पुढच्या माणसाशी खुणा ठरवाव्या. तोंडाच्या नको. हाताच्या."

मी जवसाच्या चटणीबद्दल काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आबाजी मोटारीतूनच म्हणाले, "जावई, ओरखडा माहा आहे. हातबिरेक मी ओढला." हे खरं होतं, आणि खोटंही होतं, आणि बाबूजींना दोन्ही कळलं. त्यांनी कार्ड घडी करून स्वतःच्या खिशात ठेवलं. पुढे कितीतरी वर्षं ते त्यांच्या हत्यारांच्या पेटीत होतं, आणि मी कुठेही निघालो की ते पेटी उघडत.

माय मात्र दारातच उभी होती. हाताला पीठ लागलेलं, पदर डोक्यावर. ती मोटारीकडे बघतच नव्हती. आबाजी उतरले, काठीनं पायरी शोधली, एक पाय वर ठेवला आणि तिथेच उभे राहिले. आत यायचं की नाही हे अजून ठरायचं असल्यासारखे. मागे मोटार, पुढे घर. एरवी ती बोलायला लागली की पाहुण्यांनाही वीजकेंद्राचा आवाज ऐकू येत नसे. आता तिनं फक्त त्यांच्या कोटाची बाही धरली.

"बाबा," ती म्हणाली, "राय."

मी राजन्नाकडे बघितलं. राजन्ना दोर गुंडाळायचा थांबला होता. आबाजींनी मान वाकडी केली, आमटीचं मीठ ऐकताना करत तशी, आणि मग त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. तो शब्द त्यांनी कोणत्या भाषेत ऐकला ते मला कधीच कळलं नाही. ते पायरी चढून आत गेले, काठी कोपऱ्यात उभी केली, आणि खाकी कोटाची बटणं वरून एकेक करून सोडायला लागले.